बोट आली तेव्हाचे फोटो

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आउटर हेब्रिडीज बेटांच्याही पलीकडे सुमारे 64 किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात सेंट किल्डा नावाचा बेटांचा एक लहानसा समूह आहे. त्यातल्या हिर्ता या मुख्य बेटावर 1930 पर्यंत माणसे राहत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तिथे काढलेले एक छायाचित्र स्कॉटलंडवरच्या पुस्तकांत आजही हमखास भेटते. दगडी घरांच्या रांगेपुढे गावातले पुरुष ओळीने उभे आहेत. अंगात जाडेभरडे लोकरी कपडे, बऱ्याच जणांना दाढ्या, नजर कॅमेऱ्यावर. या चित्राला 'सेंट किल्डाचे पार्लमेंट' असे नाव पडले, कारण गावातले पुरुष रोज सकाळी रस्त्यावर जमून त्या दिवशी कोणते काम हाती घ्यायचे ते ठरवत असत. पाहणाऱ्याला वाटते, जगापासून पार तुटलेला एक समाज आपल्यासमोर उभा आहे. माझे म्हणणे असे की दुर्गम समाजाच्या छायाचित्रांत जे तुटलेपण जाणवते, ते बऱ्याच अंशी चौकट कुठे धरली यातून तयार झालेले असते. म्हणून अशा चित्राची पारख करताना त्याच्या देखणेपणावर थांबू नये. त्यात माणूस आणि त्याची जमीन यांचे कामाचे नाते दिसते का, आणि कॅमेरा ज्या वाटेने तिथवर पोचला ती वाट दिसते का, हे दोन प्रश्न त्याला विचारले पाहिजेत.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. सेंट किल्डाचे एकटेपण खोटे नव्हते. कोनाखेर हे हिर्ताचे सर्वांत उंच शिखर 430 मीटर उंच आहे आणि त्याचा कडा थेट समुद्रात कोसळतो. हिवाळ्यात अटलांटिकच्या वादळांमुळे कित्येक महिने बोट लागणे अशक्य होई. आजारपण, उपासमार, मृत्यू, काहीही घडले तरी मुख्य भूमीवर कळवायला साधन नसे. 1877 मध्ये बेटावर अडकून पडलेल्या जॉन सँड्स या पत्रकाराने समुद्रात चिठ्ठी सोडली. पुढे बेटावरच्या लोकांनी हीच युक्ती आपलीशी केली. लाकडाचा ओंडका कोरून त्यात पत्र ठेवायचे, मेंढीच्या फुगवलेल्या मूत्राशयाचा तरंगा त्याला बांधायचा आणि वारा अनुकूल असेल तेव्हा सोडून द्यायचे. ज्या समाजाला टपालासाठी समुद्राच्या प्रवाहावर भरवसा ठेवावा लागतो, त्याला दुर्गम म्हणण्यात काहीच चूक नाही. प्रश्न पुढचा आहे. हे एकटेपण छायाचित्रांत आले का?

याचे उत्तर तारखांत सापडते. 1877 पासून 'डुनारा कॅसल' ही आगबोट उन्हाळ्यात ग्लासगोहून पर्यटकांना घेऊन सेंट किल्डाला येऊ लागली. छायाचित्रकारही त्याच हंगामात आले, कारण दुसऱ्या हंगामात यायला वाटच नव्हती. म्हणजे बेटाच्या एकाकीपणाची म्हणून जी चित्रे जगभर गेली, ती जवळजवळ सगळी बेट एकाकी नसतानाची आहेत. बोट किनाऱ्याजवळ उभी आहे, काठावर पाहुणे हिंडत आहेत, गावकरी पाहुण्यांना मोजे, ट्वीडचे कापड आणि पक्ष्यांची अंडी विकत आहेत, आणि त्याच वेळी कॅमेरा पाहुण्यांकडे पाठ करून फक्त गावाकडे पाहतो आहे. ज्या महिन्यांत तुटलेपण खरोखर अंगावर येत असे, त्या डिसेंबर-जानेवारीच्या हिर्ताचे दृश्य त्या काळातल्या फोटोंत शोधूनही मिळणे कठीण. आपण ज्याला दुर्गमतेचा पुरावा समजतो तो खरे तर संपर्काचा पुरावा आहे. हे एकदा लक्षात आले की जुन्या चित्रांकडे पाहण्याची रीतच बदलते.

तंत्राचाही यात वाटा होता. 1860 मध्ये कॅप्टन एफ. डब्ल्यू. एल. थॉमस यांनी सेंट किल्डाची सर्वांत जुनी ज्ञात छायाचित्रे घेतली, तेव्हा ओल्या कोलोडियन काचेचा जमाना होता. काचेवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच प्रकाशात धरायची आणि पाचदहा मिनिटांत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची, अशी ती पद्धत. वाऱ्याने तंबू उडवून नेणाऱ्या बेटावर हे किती अवघड असेल याची कल्पना करता येते. 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि 1880च्या सुमारास तयार काचा दुकानात विकत मिळू लागल्या. आता फोटोग्राफर काचांची पेटी घेऊन बोटीत बसू शकत होता आणि घरी परतल्यावर सावकाश त्या धुऊ शकत होता. अ‍ॅबर्डीनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन यांच्या कंपनीने स्कॉटलंडभरच्या दृश्यांचा मोठा व्यापार उभा केला होता. 1886 मध्ये त्या कंपनीसाठी सेंट किल्डाची चित्रे घेतली गेली. कारखान्यात बनलेली काच, आगबोट आणि फोटो विकत घेणारा शहरी मध्यमवर्ग हे तिन्ही एकत्र आले तेव्हा 'जगापासून अलिप्त बेट' हे चित्र बाजारात आले. ज्या औद्योगिक जगापासून हे लोक लांब आहेत असे चित्र सांगत होते, त्या जगाच्या यंत्रांवाचून ते चित्र निघूच शकले नसते.

पार्लमेंटच्या चित्रातली घरेच पाहा. ती प्राचीन वाटतात. प्रत्यक्षात 1860च्या वादळानंतर, 1861-62 च्या सुमारास जमीनदाराने बांधून दिलेल्या सोळा नव्या घरांची ती रांग. मूळची छपरे जस्ताच्या पत्र्याची होती. त्यांच्याशेजारी जुनी, जाड भिंतींची, गवताने शाकारलेली घरे गोठ्यासारखी वापरात होती. गावाचा आखीव रस्ताही 1830च्या दशकातला. चित्र पाहताना 'शतकानुशतके असेच' असे जे मनात येते, ते त्या रांगेपुरते तरी खरे नाही. त्यापाठोपाठ शाळा आली, टपाल कचेरी आली, आणि 1913 मध्ये बिनतारी संदेशयंत्र आले. पहिल्या महायुद्धात नौदलाची तुकडी बेटावर राहिली. मे 1918 मध्ये एका जर्मन पाणबुडीने बिनतारी केंद्रावर तोफगोळे डागले. त्यानंतर बेटाच्या रक्षणासाठी बसवलेली तोफ आजही जागेवर आहे, ती शत्रूवर कधीच उडाली नाही. युरोपातल्या महायुद्धाची झळ थेट ज्या गावाला लागली त्याला तुटलेले म्हणताना थोडे थबकायला हवे. तरीही 1920च्या दशकात बेटावर निघालेल्या मूकपटाला नाव दिले गेले 'सेंट किल्डा, ब्रिटनचे सर्वांत एकाकी बेट'. या चित्रपटाची सुरुवातच ग्लासगोहून सुटणाऱ्या बोटीच्या प्रवासाने होते.

मग त्या काळातली सगळी छायाचित्रे दिशाभूल करणारी ठरतात का? मुळीच नाही, आणि इथेच पारखीचा पहिला प्रश्न उपयोगी पडतो. 1886 च्या चित्रांत एक चित्र फुल्मार पक्ष्यांच्या वाटणीचे आहे. फुल्मार हा कड्यांवर घरटी करणारा समुद्रपक्षी. ऑगस्टमध्ये पुरुष दोराला धरून कड्यावरून खाली उतरत आणि हजारो पिल्ले पकडून आणत. मांस वर्षभराच्या जेवणासाठी, पोटातले तेल दिव्यासाठी आणि औषधासाठी, पिसे जमीनदाराच्या खंडासाठी. पकडलेले पक्षी एकत्र ढीग करून सगळ्या घरांत वाटले जात. या एका चित्रात कडा आहे, पक्षी आहे, घर आहे, खंड आहे आणि वाटणीचा गावनियमही आहे. माणसे कॅमेऱ्यासाठी थोडी थांबलेली असतीलही, पण काम त्यांचे आहे. पार्लमेंटच्या चित्रात चेहरे दिसतात. वाटणीच्या चित्रात समाज कसा चालतो ते कळते. दोन्ही एकाच काळातली, एकाच जातीच्या कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे, पण पोस्टकार्ड म्हणून खपण्याजोगे कोणते हे सांगायला नको.

भूदृश्याचे तसेच. हिर्ताच्या उतारांवर दगडी टेकाडांसारखे काहीतरी सर्वत्र विखुरलेले दिसते. ती क्लीट म्हणतात ती कोठारे. वर हिरवळीचे जाड छप्पर, बाजूच्या दगडी भिंतींतून मुद्दाम ठेवलेल्या फटी, म्हणजे वारा आरपार वाहत राहतो आणि आतले मांस, अंडी, गवत, जळणाची सुकवलेली माती कोरडी राहते. एकट्या हिर्तावर अशी बाराशेहून अधिक कोठारे आहेत. अत्यंत दमट हवेच्या बेटावर मिठाचा फारसा वापर न करता अन्न टिकवण्याची ही युक्ती आहे. माहीत नसलेल्या डोळ्याला ती उजाड उतारावरची दगडांची पखरण वाटते आणि 'रौद्र निसर्ग' अशी चित्राची जाहिरात होते. माहीत असलेल्या डोळ्याला तोच उतार भरलेले स्वयंपाकघर दिसतो. छायाचित्र तेच राहते. त्याच्याखाली दोन ओळी लिहिल्या आहेत की नाहीत यावर सगळे अवलंबून आहे. म्हणून चित्रासोबतची टीप ही शोभेची गोष्ट नाही, तो चित्राचाच भाग आहे असे मी मानतो.

सेंट किल्डाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना मात्र कॅमेऱ्यापासून दूर ठेवली गेली. मे 1930 मध्ये बेटकऱ्यांनी आपल्याला इथून हलवावे असा अर्ज सरकारकडे केला. बालधनुर्वाताने कित्येक पिढ्यांतली अर्भके गेली होती, 1852 मध्ये छत्तीस जण ऑस्ट्रेलियाला निघून गेले होते, महायुद्धानंतर तरुण माणसे एकेक करून बाहेर पडली होती. शिल्लक राहिलेल्या छत्तीस जणांना बोटी चालवणे आणि मेंढ्या सांभाळणेही जड जाऊ लागले होते. 29 ऑगस्ट 1930 रोजी ते 'हेअरबेल' या नौदलाच्या जहाजातून निघाले. या प्रसंगाचा तमाशा होऊ नये म्हणून सरकारने छायाचित्रकारांना आणि चित्रपटवाल्यांना मज्जाव केला होता. 'द टाइम्स'साठी आलेले ॲलस्डेर आल्पिन मॅकग्रेगर यांनी अखेरच्या दिवसांची काही छायाचित्रे टिपली, ती आज आपल्याकडे आहेत. मज्जाव करणे योग्य होते असे मला वाटते. घर सोडणाऱ्या माणसाला न्याहाळले न जाण्याचा अधिकार आहे, आणि बोटीबोटीने पाहुणे येऊन ज्यांना पन्नास वर्षे पाहून गेले त्यांच्याबाबत तो अधिक आहे. पण त्या मनाईची किंमत आपण मोजली आहे हेही खरे. या लोकांना पुढे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मॉरव्हर्नच्या परिसरात वसवले गेले आणि ज्या पुरुषांच्या बेटावर एकही झाड नव्हते त्यांना वनखात्यात काम मिळाले. बेटावरचा सेंट किल्डाकर लाखो पोस्टकार्डांवर आहे; झाडे लावणारा सेंट किल्डाकर फारसा कुणाला ठाऊक नाही. जागा सोडताच तो लोकांच्या नजरेत 'दुर्गम' राहिला नाही आणि म्हणून छायाचित्रणायोग्यही उरला नाही.

आता हेब्रिडीजमधल्याच साउथ उइस्ट बेटाकडे वळू. इथे प्रश्न निर्मनुष्य निसर्गाचा आहे. स्कॉटिश हायलँड्स आणि बेटांच्या छायाचित्रांत जे विस्तीर्ण, ओसाड, माणूस नसलेले रान मन मोहून टाकते, त्यातले बरेचसे रान माणसांना हाकलून ओसाड केलेले आहे. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात समुद्री शेवाळ जाळून मिळणाऱ्या राखेला साबण आणि काच उद्योगांत मोठी मागणी होती. जमीनदारांना त्या कामासाठी हात हवे होते. युद्धे संपल्यावर परदेशी माल स्वस्तात येऊ लागला, राखेचा भाव कोसळला, 1846 पासून बटाट्यावर रोग पडला आणि त्याच कुळांचे ओझे वाटू लागले. साउथ उइस्ट विकत घेतलेल्या गॉर्डन ऑफ क्लुनी या जमीनदाराने 1851 मध्ये एक हजाराहून अधिक माणसांना जहाजांत घालून कॅनडाला पाठवून दिले. कुळांना जमिनीवर कायदेशीर हक्क मिळायला 1886 चा क्रॉफ्टर्स कायदा यावा लागला. ही हकिकत माहीत नसेल तर ओसाड खोऱ्याचा फोटो निसर्गाची देणगी वाटतो. माहीत असेल तर त्याच फोटोत पडक्या भिंतींच्या खुणा शोधाव्याशा वाटतात.

पॉल स्ट्रँड हे अमेरिकेतले मोठे छायाचित्रकार 1954 मध्ये साउथ उइस्टवर आले आणि तीन महिने राहिले. मॅकार्थीच्या काळातल्या, डाव्या विचारांच्या माणसांवर संशय घेणाऱ्या अमेरिकेला कंटाळून ते 1950 मध्ये फ्रान्समध्ये स्थायिक झाले होते. एखाद्या गावाचे पूर्ण चित्र पुस्तकातून उभे करायचे हा त्यांचा ध्यास होता. बॅसिल डेव्हिडसन यांच्या मजकुरासह त्यांचे 'तीर अ मूरन' हे पुस्तक 1962 मध्ये निघाले. यातली माणसे दगडी भिंतीपुढे, दारात, खिडकीशी उभी राहून सरळ आपल्याकडे पाहतात. त्यांना घाई नाही, लाजही नाही. चित्राखाली नाव आणि गाव आहे, 'एक बेटकरी' असे मोघम लिहिलेले नाही. मधल्या पानांवर समुद्र, वाळू, शेवाळ, घोडे, ढग येतात आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या व भिंतीतल्या दगडांचे पोत एकमेकांशी बोलू लागतात. माणूस आणि भूमी यांना एकाच मापाने, एकाच गंभीरपणाने पाहणारी अशी छायाचित्रे फार थोडी आहेत. माझ्या मते ही विसाव्या शतकातल्या श्रेष्ठ ग्रामीण छायाचित्रांत मोडतात.

आणि तरीही चौकटीबाहेर काय राहिले हा प्रश्न इथेही सुटत नाही. स्ट्रँड बेटावरून परतल्याच्या पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने साउथ उइस्टवर क्षेपणास्त्रांच्या चाचणीचा तळ उभारण्याची योजना जाहीर केली. अमेरिकन बनावटीच्या 'कॉर्पोरल' या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या सरावासाठी ही जागा निवडली होती. गेलिक भाषा, छोटी शेते, चर्च या सगळ्यांचे काय होणार म्हणून बेटावर मोठी चळवळ झाली, स्थानिक धर्मगुरू पुढे आले, आणि 1957 मध्ये ह्यू लॉरिमर यांनी घडवलेली मेरीमातेची उंच ग्रॅनाइटची मूर्ती तिथल्या टेकडीवर उभी राहिली. शेवाळ गोळा करून अल्जिनेट बनवणाऱ्या उद्योगाला विकणे हाही तेव्हा बेटाचा चालू व्यवसाय होता. डेव्हिडसन यांच्या मजकुरात आधुनिक जगाचे हे ताण येतात. चित्रांची पाने मात्र बहुतांशी कालातीत राहतात. स्ट्रँड डाव्या विचारांचे होते, श्रमाला मान देणारे होते. तरीही त्यांच्या कॅमेऱ्याला काळाच्या बाहेरचे बेट अधिक भावले. डोळ्याची सवय विचारापेक्षाही चिवट असते, एवढेच यातून दिसते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. छायाचित्र म्हणजे तलाठ्याचा पंचनामा नाही. कलावंत निवड करणारच. निवडीवाचून चित्र होत नाही, आणि टेलिफोनचा खांब वगळला म्हणून कुणाला दोषी धरणे हा अरसिकपणा आहे. पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. पण निवड एकेका चित्रात वेगवेगळ्या दिशेने झाली तर ती कलावंताची नजर. शेकडो छायाचित्रकारांनी शंभर वर्षे एकाच दिशेने केली तर ती बाजाराची सवय होते आणि त्या लोकांचे नशीबही ठरवू लागते. 'हे लोक असेच आहेत, त्यांना असेच राहायचे आहे' असे एकदा सर्वांना वाटू लागले की दवाखाना, धक्का, शाळा मागणारा बेटकरी बिघडलेला वाटायला लागतो. सेंट किल्डाच्या लोकांबाबत नेमके हेच म्हटले गेले. पर्यटकांना माल विकून, वस्तूचे पैसे मागून ते भ्रष्ट झाले, अशी तक्रार त्या काळचे प्रवासी करत. ज्यांचा मुख्य ग्राहक वर्षातून काही वेळा बोटीने येतो त्यांनी माल विकू नये, ही अपेक्षा छायाचित्रातूनच जन्मलेली होती.

हा मार्ग टोकाला गेला की काय होते ते आयर्लंडच्या आरन बेटांवर रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी केलेल्या 'मॅन ऑफ आरन' या 1934 च्या चित्रपटात दिसते. अजस्र शार्क माशाची शिकार हा त्यातला सर्वांत थरारक भाग. ही शिकार बेटावर कित्येक दशकांपूर्वीच बंद पडली होती. चित्रपटासाठी बेटकऱ्यांना ती नव्याने शिकवावी लागली. पडद्यावरचे कुटुंबही तीन वेगवेगळ्या घरांतून निवडून जुळवलेले होते. खडकावर शेवाळ आणि वाळू पसरून बटाट्यापुरती माती तयार करणे हा मात्र आरनचा खरा परिपाठ, आणि तो भाग आजही मोलाचा आहे. खरे आणि रचलेले एकाच रिळात इतके सलग आहे की माहिती नसलेल्या प्रेक्षकाला ते वेगळे करता येत नाही.

मराठी वाचकाने हे दूरच्या बेटांचे प्रकरण म्हणून सोडू नये. मुंबईत विल्यम जॉन्सन यांनी 1863 आणि 1866 मध्ये मुंबईत राहणाऱ्या व तिथे येणाऱ्या नाना जातीजमातींची छायाचित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यातली कित्येक चित्रे जोडलेली आहेत: माणसांचा फोटो एकीकडे घेतलेला, मागचे देऊळ किंवा देखावा दुसरीकडचा, आणि दोन निगेटिव्ह एकत्र करून छापलेले. त्या काळात हे तंत्र कौशल्याचे समजले जाई. पण त्यात एक गृहीत लपलेले आहे: अमुक जातीचा माणूस अमुक पार्श्वभूमीपुढेच शोभतो, मग तो तिथे कधी उभा राहिला असो वा नसो. 1868 ते 1875 दरम्यान जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. चित्राखाली जमातीचे नाव आणि तिच्या स्वभावाविषयी साहेबी शेरे. 1869 मध्ये लंडनला गेलेले सर सय्यद अहमद खान यांनी त्यातली चित्रे पाहिली आणि ते अत्यंत व्यथित झाले. इंग्रज तरुण सय्यद अहमद यांच्या मुलांना या चित्रांवरून ओळखू पाहतात याचा त्यांना मनस्ताप झाला. ज्यांची चित्रे निघाली त्यांच्या बाजूने आलेल्या सर्वांत जुन्या प्रतिक्रियांपैकी ही एक आहे. भामरागडच्या माडियांची किंवा सह्याद्रीतल्या कातकऱ्यांची आजची जी चित्रे 'निरागस', 'आदिम' अशा विशेषणांसकट फिरतात, त्यांच्यामागे हीच जुनी सवय उभी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाहेरचा माणूस आला नसता तर हिर्ताचे, उइस्टचे काहीच उरले नसते. गावकऱ्याला आपले रोजचे जगणे टिपावेसे वाटत नाही, ते परक्यालाच दिसते. खरे आहे. परकेपण हा दोष नव्हे, घाई हा दोष आहे. याला साउथ उइस्टवरच उत्तम दाखला आहे. मार्गारेट फे शॉ या अमेरिकन तरुणी 1929 मध्ये तिथे आल्या आणि नॉर्थ ग्लेनडेल वस्तीत दोन बहिणींच्या साध्या घरात 1935 पर्यंत राहिल्या. गेलिक शिकल्या, शेकडो गाणी स्वरलिपीसह उतरवून घेतली आणि बरोबरीने छायाचित्रे व फिल्म घेत राहिल्या. पीट म्हणजे जळणाची माती कापणे, शेवाळ वाहणे, मेंढ्यांची लोकर कातरणे, होडी ओढणे, विणलेले कापड बायकांनी गाणी म्हणत मेजावर आपटून घट्ट करणे, हे सगळे त्यांच्या चित्रांत हंगामाप्रमाणे येते. थंडीही येते. स्ट्रँडच्या चित्रांइतकी ती भव्य नाहीत. काही साधी, थोडी कलतीही आहेत. पण चित्रातला माणूस परक्याकडे पाहत नसून शेजारणीकडे पाहतो आहे, आणि तो काय गातो आहे हेही शॉ यांच्या 1955 च्या पुस्तकात छापलेले आहे. पुढे त्या आणि त्यांचे पती जॉन लॉर्न कॅम्बेल कॅना बेटावर राहिले, त्यांचा संग्रह तिथेच जपला गेला. म्हणजे चित्रे त्या बेटांच्या परिसरात राहिली, ज्यांची होती त्यांच्या नातवंडांना पाहता येतील अशी.

इंग्लंडमध्ये नॉर्थ डेव्हनच्या खेड्यांत जेम्स रॅव्हिलियस यांनी हीच वाट आणखी पुढे नेली. बीफर्ड येथील कला केंद्राच्या प्रकल्पासाठी 1972 पासून सतरा वर्षे त्यांनी आपल्या घराभोवतीच्या काही मैलांच्या टापूतच काम केले आणि सत्तर हजारांहून अधिक निगेटिव्ह जमवले. जुन्या, लेप नसलेल्या भिंगांनी ते उजेडाकडे कॅमेरा रोखून फोटो घेत, त्यामुळे धुके, धूळ आणि जनावरांच्या अंगावरची वाफ चित्रात मऊपणे उतरते. शेतकरी कोकराला वाहून नेतो आहे, कुणी कुंपण नीट करतो आहे, बर्फात मेंढ्यांना चारा नेला जातो आहे, आणि त्याच गावात ट्रॅक्टर, गाड्या, शाळेची मुलेही आहेत. सतरा वर्षांत मुलगा बापाच्या जागी येतो आणि शेत विकले जाते. एका भेटीत घेतलेल्या चित्रांना ही हालचाल दाखवता येत नाही. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यांच्या कामाचे दुसरे अंग. गावातल्या घरोघरी अल्बमांत आणि खोक्यांत पडलेले हजारो जुने फोटो मागून घेऊन त्यांच्या प्रती संग्रहात ठेवल्या गेल्या. त्यामुळे बाहेरून पाहिलेले गाव आणि गावाने स्वतःला पाहिलेले रूप शेजारी शेजारी आले.

आता प्रत्येक खिशात कॅमेरा आहे, मग ही सगळी चर्चा जुनी झाली का, असेही विचारले जाते. साधन हाती आले याने फरक नक्कीच पडला आहे. ज्यांचे फोटो काढले जात ते आता स्वतः काढतात, लग्नाचे, नव्या घराचे, पुरात गेलेल्या पुलाचे. पण प्रसिद्धीला जातात ती चित्रे अजूनही बहुधा बाहेरून आलेल्याची असतात आणि त्यात मोबाइल धरलेला आदिवासी तरुण क्वचितच दिसतो. पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संग्रहात, जिथून मराठीतही मजकूर प्रसिद्ध होतो, चित्राबरोबर माणसाचे नाव, गाव, तालुका आणि धंदा देण्याची शिस्त आहे. ऊसतोडीला निघालेल्या बाईचे चित्र तिथे 'ग्रामीण सौंदर्य' म्हणून लागत नाही. टोळी कुठून कुठे चालली आहे आणि उचल किती घेतली आहे हे त्याच पानावर येते. दुर्गम पाड्यावर जाणाऱ्या छायाचित्रकाराने निदान एवढे करता येण्याजोगे आहे: महिना आणि वर्ष लिहावे, विचारून नाव लिहावे, आपण कोणत्या गाडीने आणि कुणाबरोबर आलो ते लिहावे, रस्ता आणि विजेचा खांब चौकटीत आला तर येऊ द्यावा, पावसाळ्यात वाट बंद असते तेव्हाही एकदा जाण्याचा प्रयत्न करावा, आणि काढलेल्या चित्रांचा एक छापील संच गावात, शाळेच्या कपाटात का होईना, ठेवून यावा.